क्षुल्लकाचा नेम

फार वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या गावात एक गुळव्या राहत होता. त्याचं नाव तवनाप्पा. गुऱ्हाळाचे दिवस आले की चार गावची माणसं त्याला बोलवायला यायची, कारण काहिलीतला उकळता रस नेमका कधी उतरवायचा हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. थोडा आधी उतरवला तर गूळ चिकट होतो, थोडा उशिरा उतरवला तर करपतो. तवनाप्पा चुलवाणापाशी उभा राहायचा, फेसाकडे बघायचा आणि हात वर करायचा. हात वर झाला की सहा गडी काहील उचलत. सगळ्यांचे डोळे त्या हाताकडे असत, आणि ते तवनाप्पाला ठाऊक असे.

चाळिशी उलटली आणि त्याची बायको वारली. मूलबाळ नव्हतं. त्याच हिवाळ्यात दिगंबर जैन मुनींचा एक संघ गावावरून चालला होता. तवनाप्पा त्यांना वेशीपर्यंत पोचवायला म्हणून गेला, तो पुढच्या गावापर्यंत गेला, आणि मग परत आलाच नाही. दोन वर्षं संघात राहून त्यानं व्रतं शिकून घेतली. मग संघाच्या वयोवृद्ध आचार्यांनी त्याला क्षुल्लक पदाची दीक्षा दिली. नवं नाव ठेवलं मंदरकीर्ती.

आपण बोलताना किरकोळ गोष्टीला क्षुल्लक म्हणतो. या शब्दाचा मूळ अर्थही लहान असाच. जैन साधूंच्या वाटेवर क्षुल्लक हा धाकटा. घर सुटलेलं असतं, पण दोन वस्त्रं सुटलेली नसतात. एक लंगोटी आणि एक आखूड पांघरूण. ते पांघरूण मुद्दाम इतकं आखूड ठेवतात की डोकं झाकलं तर पाय उघडे पडावेत. बरोबर मोरपिसांची पिंछी, पाण्याचा कमंडलू आणि जेवायला एक वाडगा. दिवसातून एकदाच आहार. क्षुल्लकाच्या वर ऐलक, त्याच्या अंगावर फक्त लंगोटी. आणि त्याच्या वर मुनी, त्यांच्या अंगावर काहीच नाही.

मंदरकीर्तीला व्रतं जड गेली नाहीत. आयुष्यभर चुलवाणापुढे उभं राहिलेला माणूस तो, ऊन-थंडी, भूक-तहान यांचं त्याला काही वाटत नसे. त्याला जड गेली ती बसायची जागा. सभेत आधी आचार्य, मग मुनी, मग ऐलक आणि सगळ्यांच्या शेवटी, खांबाच्या आडोशाला, क्षुल्लक. लोक दर्शनाला आले की मुनींपुढे गुडघे टेकून म्हणत, "नमोस्तु." याच्यापाशी आले की हात जोडून म्हणत, "इच्छामि." क्षुल्लकाला वंदन करायची रीतच तशी. त्यात अपमान काही नव्हता. पण रोज ऐकून ऐकून मंदरकीर्तीच्या कानाला तो शब्द खुपायला लागला.

एकदा तो आचार्यांकडे गेला. म्हणाला, "महाराज, हे पांघरूण आता नको वाटतं. मला ऐलक करा."

आचार्य ग्रंथ वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, फक्त मान वर केली. "पांघरूण तुला अजून दिसतंय. दिसेनासं झालं की बघू."

त्यानं तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर मिळालं.

पौष महिन्यात डोंगरापलीकडच्या एका गावाहून माणसं आली. वीस-बावीस जैन घरांचं ते लहान गाव. वर्षानुवर्षं तिकडे कुणी साधू फिरकला नव्हता. संघ एवढ्यात हलणार नव्हता, म्हणून आचार्यांनी मंदरकीर्तीला पंधरा दिवसांसाठी पाठवलं. "रोज दुपारी त्यांना ग्रंथ वाचून दाखव," एवढंच सांगितलं.

मंदरकीर्ती डोंगर चढून, उतरून गावात पोचला. गावानं चांगलं स्वागत केलं. मंदिराशेजारच्या खोलीत त्याची सोय केली. सकाळी घरोघरी चौका लागला, म्हणजे आंघोळ करून, पाणी गाळून, सोवळ्यानं शुद्ध स्वयंपाक झाला. पुरुष आणि बायका हातात कलश घेऊन दारात उभे राहिले. पहिल्या दिवशी आहार गावच्या पायगोंडा पाटलांच्या घरी झाला. दुपारी वाचनाला देऊळ भरलं.

पण तिसऱ्या दिवशी वाचनाला निम्मीच माणसं आली. त्यातला एक म्हातारा भिंतीला टेकून घोरायला लागला. वाचन संपल्यावर पाटलांनी अगदी साध्या मनानं विचारलं, "महाराज, मुनी महाराज कधी येतील वं आमच्या गावाला?"

मंदरकीर्ती म्हणाला, "सांगता येत नाही." पण तो प्रश्न त्याच्या मनात रुतून बसला.

दुसऱ्या दिवशी आहाराला निघण्याआधी त्यानं मनात एक नेम धरला. साधूंची ही जुनी रीत आहे. निघण्यापूर्वी एखादी खूण मनात ठरवायची, अमुक दिसेल त्याच दारी आहार घ्यायचा, नाही दिसलं तर उपाशी परतायचं. खूण कुणाला सांगायची नाही. जेवणाची आसक्ती सुटावी, जे होईल ते शांतपणे घेता यावं, यासाठी हे तप सांगितलंय. मंदरकीर्तीनं ठरवलं, उसाचं कांडं हातात धरून कुणी उभं असेल तिथंच थांबायचं.

तो मौनानं सगळ्या गल्ल्यांतून फिरला. कलश होते, नारळ होते, फळं होती. ऊस नव्हता. तो तसाच परतला.

गावात गडबड उडाली. "महाराज उपाशी फिरले! महाराजांनी नेम धरलाय!" दुपारी वाचनाला देऊळ गच्च भरलं. कुणी झोपलं नाही. वाचून संपल्यावर जो तो त्याच्या तोंडाकडे बघत होता, जणू नेम तिथं लिहिलेला असावा.

दुसऱ्या सकाळी दारोदार जत्रा भरल्यासारखी झाली. एकानं आंब्याचा टहाळा धरला, एकीनं दोन समया लावल्या, एकानं वासरू आणून दारात बांधलं. एका पोरीच्या हातात ऊस होता. मंदरकीर्ती तिथं थांबला. साऱ्या गल्लीनं जयजयकार केला. आणि त्या गलक्यात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "नमोस्तु महाराज!" पाठोपाठ सगळेच म्हणाले, "नमोस्तु!"

हा शब्द माझ्यासाठी नाही, मी क्षुल्लक आहे, एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण मंदरकीर्ती आहाराच्या वेळी मौनात होता. ते कारण त्याला बरं सापडलं. आणि दुपारी, मौन संपल्यावरही, तो काही बोलला नाही.

मग रोज नवा नेम सुरू झाला. कधी मिळे, कधी मिळत नसे. न मिळाला की गाव अधिकच हळहळे. शेजारच्या गावांहून बैलगाड्या यायला लागल्या. माणसं एकमेकांना सांगत, "असा तपस्वी बघितला नाही." मंदरकीर्ती पोटानं उपाशी असला तरी त्याला भूक लागत नव्हती. त्याला भलतंच काही पोटभर मिळत होतं.

आठव्या दिवशी त्यानं जो नेम धरला तो कधीच मिळू नये असाच होता. आहाराच्या शुभ वेळी, दारात, नवी केरसुणी हातात धरून उभा असलेला पुरुष. कोण पुरुष केरसुणी हातात धरून साधूचं स्वागत करील? मंदरकीर्तीला ते ठाऊक होतं. त्यानं ठरवलं, हाच नेम मिळेपर्यंत रोज चालवायचा.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. आहार नाही म्हणजे पाणीही नाही. त्याचे ओठ फुटले, पण पाय खंबीर होते. गावानं शेतातली कामं सोडली. पाटील डोक्याला हात लावून बसले. "आमचं काय चुकलं असंल?" असं बायका एकमेकींना विचारू लागल्या.

त्या गावात शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या घरात भरमाक्का नावाची एक म्हातारी राहत होती. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, लेकी लांब दिलेल्या. घरात ती आणि एक गाय. रोज पहाटे उठून ती स्वतः जात्यावर पीठ दळायची, आडाचं पाणी स्वतः ओढायची, मुगाची आमटी आणि भाकरी करायची आणि कलश घेऊन दारात उभी राहायची. तिच्याकडे ना समया होत्या, ना वासरू. पहिल्या दिवसापासून ती एकच शब्द म्हणायची, "इच्छामि महाराज, या." सगळं गाव नमोस्तु म्हणायला लागलं तरी ती इच्छामिच म्हणत राहिली. तिला तिच्या सासूनं तसंच शिकवलं होतं. मंदरकीर्ती रोज तिच्या दारावरून पुढे जायचा आणि तो शब्द ऐकून त्याच्या कपाळाला बारीक आठी पडायची.

चौथ्या सकाळी तो तिच्या दाराशी आला तेव्हा पाटलांसह पन्नासेक माणसं त्याच्या मागं होती. भरमाक्का चौकटीला टेकून उभी होती. तिनं कलश वर केला. "इच्छामि..." म्हणाली आणि पुढचा शब्द तोंडातून निघायच्या आत खाली कोसळली. कलश घरंगळत गल्लीत आला.

शेजारीण धावली. तिनं म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं, कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला. शेजारणीनं तो तिच्या ओठांना लावला, तशी भरमाक्कानं तोंड मिटून घेतलं.

"घे गं आक्का, घोटभर घे!"

"महाराजांचं झालं का?" भरमाक्कानं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"न्हाई झालं. पण तू घे."

"मग कसं घेऊ?"

शेजारीण थबकली. तिनं वर बघितलं. "आगं बाई! म्हंजे चार दिस तू पाणीसुदिक घेतलं न्हाईस? अन् रोजची भाकरी गाईला घालत हुतीस ती?" ती रडायलाच लागली. "मला वाटलं उरली म्हणून घालतीया!"

साधू गावात असताना त्याचा आहार झाल्याशिवाय आपण अन्नपाणी घ्यायचं नाही, हा भरमाक्काचा नेम होता. इतर घरांचाही तसाच होता, पण महाराज उपाशी फिरले की ती घरं दुपारी हात जोडून जेवून घेत. भरमाक्काला ती पळवाट माहीत नव्हती. एकटीच्या घरात तिला सांगणारंही कुणी नव्हतं. सगळं गाव महाराजांकडे बघत होतं. तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

मंदरकीर्ती पुढे झाला. त्यानं मौन सोडलं. "आक्का, पाणी घ्या. मी सांगतो म्हणून घ्या."

भरमाक्कानं डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, तक्रारही नव्हती. "माझा नेम तुमच्या नेमाला बांधलाय महाराज. तुमचा सुटल्याबिगर माझा कसा सुटंल?"

एवढ्यात पाटील मोठ्यानं ओरडले, "मिळाला! आरं, नेम मिळाला! महाराज थांबले, महाराज बोलले! दारात उपाशी पडलेली बाई, हाच महाराजांचा नेम!"

गर्दीत एकदम लाट उठली. "खरंच की! किती अवघड नेम!" "महाराजांना आधीच कळलं हुतं!" लोकांनी भराभर गुडघे टेकले. "नमोस्तु! नमोस्तु!" सारी गल्ली दुमदुमली.

मंदरकीर्ती वाडगा हातात धरून उभा होता. त्याला काहीच करायचं नव्हतं. गप्प राहून त्या दारात पाऊल टाकायचं, एवढंच. म्हातारीला पाणी मिळालं असतं, नेम मोडला हे कुणाला कळलं नसतं, आणि त्या चार दिवसांची गोष्ट गावोगाव सांगितली गेली असती. आचार्यांपर्यंतही ती तशीच पोचली असती. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. खोटं लोकांनीच तयार करून त्याच्या हातात ठेवलं होतं.

त्यानं खाली बघितलं. भरमाक्काचा हात मातीत पडला होता. नखांत पीठ होतं, त्याच सकाळचं. चार दिवसांच्या उपाशी हातांनी तिनं आजही जातं ओढलं होतं.

"उठा," तो लोकांना म्हणाला. कुणी ऐकलं नाही, म्हणून तो पुन्हा मोठ्यानं म्हणाला, "उठा सगळे! मी मुनी नाही. मी क्षुल्लक आहे. मला नमोस्तु म्हणत नाहीत, आणि ते तुम्हाला मी आधीच सांगायला हवं होतं."

पुढचे काही जण उठून उभे राहिले.

"आणि माझा नेम हा नव्हता. नवी केरसुणी हातात धरून दारात उभा असलेला पुरुष, असा नेम होता. तो मिळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच धरला. तुम्ही बघत राहावं म्हणून धरला. आता मी तो मोडतोय."

"केरसुणी?" पाटलांच्या तोंडून निघालं.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. एक बाई फणकारली, "नुसतं सांगितलं असतं तर आमच्या ह्येंनी चार आणल्या असत्या!" दुसऱ्या गावाहून आलेले दोघे-तिघे उठून कपडे झटकत गाडीकडे निघाले. "नेम मोडणारा कसला साधू!" असं जाता जाता त्यांतला एक म्हणाला, ते मंदरकीर्तीनं ऐकलं.

तो भरमाक्काच्या घरात गेला. रीतीप्रमाणे शेजारणीनं हातपाय धुवून त्याला आहार वाढला. त्यानं पाण्याचा घोट घेतला, भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला आणि खाल्ला. चार दिवसांच्या कोरड्या घशातून तो उतरेना. दारातून भरमाक्का बघत होती. त्यानं दुसरा घास घेतला तेव्हा तिनं शेजारी ठेवलेला तांब्या ओढून घेतला आणि घटाघटा पाणी प्यायली. मग हळूहळू बसती झाली. बसल्या बसल्या म्हणाली, "आमटीत मीठ कमी झालं का वं महाराज? आज हाताला अंदाज न्हाई राहिला."

"बरोबर आहे," तो म्हणाला. मीठ अजिबातच नव्हतं.

त्यानंतर त्याचे चार दिवस राहिले होते. बैलगाड्या आल्या नाहीत. वाचनाला पाच-सहा माणसं यायची आणि तो म्हातारा, जो अर्ध्या वाचनात झोपायचा. मंदरकीर्ती सकाळी निघायचा आणि जे दार आधी बोलवील तिथं वाडगा पुढे करायचा. काही घरांनी दारं अर्धवट लोटून घेतली. तो पुढच्या दारी जायचा. भरमाक्का तिसऱ्या दिवशी काठी टेकत वाचनाला आली आणि पुढे बसली.

पंधरा दिवस भरले तसा तो डोंगर ओलांडून संघात परतला. पिंछी पुढे धरून, गुडघे टेकून त्यानं आचार्यांना सगळं सांगितलं. नमोस्तु ऐकून गप्प राहिलो तिथपासून, केरसुणीपर्यंत, कपाळावरच्या आठीसकट. मुनी, ऐलक आणि दुसरे क्षुल्लक ऐकत होते. त्यानं एकही गोष्ट त्यांच्यापासून झाकली नाही.

सांगून झाल्यावर तो म्हणाला, "महाराज, घेतलेला नेम मी मोडला. प्रायश्चित्त द्या."

आचार्य म्हणाले, "मोडल्याबद्दल एक दिवस उपवास कर."

मंदरकीर्तीला नवल वाटलं. नेम मोडणं हे मोठं पाप, त्याला एवढं हलकं प्रायश्चित्त? "एकच दिवस, महाराज?"

"मोडल्याबद्दल एकच दिवस," आचार्य म्हणाले. "धरल्याबद्दल एक वर्ष. वर्षभर कोणताही नेम मनात धरायचा नाही. रोज निघताना, आज पहिल्या दारी जो मिळेल तो आहार घेईन, असं सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणून निघायचं."

मंदरकीर्तीनं मान वाकवली. दुसऱ्या दिवशी उपवास केला. तिसऱ्या सकाळी वाडगा घेऊन तो संघासमोर उभा राहिला, ते वाक्य मोठ्यानं म्हणाला आणि गावाकडे चालू लागला. पहिलं दार एका जैन कासाराचं होतं. तिथं ज्वारी संपली होती म्हणून त्या दिवशी नुसती खिचडी होती. त्यानं ती पोटभर खाल्ली.

तात्पर्य: लोकांनी बघावं म्हणून धरलेल्या उपवासाची भूक दुसऱ्याच कुणाच्या तरी पोटात पडते, असा नेम मोडल्याचं पाप लहान, धरल्याचं मोठं.